मोनो मोड की रंगीत रॉ?

धरमपेठेतली भाची विचारते, "मावशी, स्वतःचे कृष्णधवल फोटो थेट मोनोत, म्हणजे कॅमेऱ्याच्या कृष्णधवल मोडमध्ये काढू, की रंगीत रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल काढून मग रंग उतरवू?"

मेहनत मोनो जेपेगला (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फाइलला) कमी. टायमर लावायचा, खिडकीशी बसायचं. (मे महिन्यात नागपुरात त्या खिडकीत कूलर असतो, ते सोड.)

रिटचिंगला मात्र जेपेग लवकर हात टेकतो. 8 बिट, म्हणजे 256 छटा. 14 बिट रॉमध्ये 16,384. शिवाय रंग शाबूत, त्यामुळे एडिटिंगमध्ये कृष्णधवल करताना लाल-नारिंगी स्लायडर जरा वर नेला की मुरुमांचे डाग ब्रश न लावताच फिके पडतात. फार नेलास तर ओठच गायब! माझे झालेत.

रोजच्या सरावाला मोनो पुरे. भिंतीवर मोठा प्रिंट लावायचा असेल तर रॉच काढ.