मारियान की लाल टोपी? पॅरिस २०२४ची दोन चिन्हं

अप्लाइड आर्ट शिकणाऱ्या भाचीला प्रकल्पासाठी पॅरिस ऑलिंपिकचं बोधचिन्ह घ्यावं की शुभंकर, ठरत नाहीये. दोन्ही फ्रेंच राज्यक्रांतीच्या वारशातले. आयोजकांची गोडगोड प्रसिद्धीपत्रकं बाजूला ठेवून बघू.

आशय: २०१९ साली आलेलं बोधचिन्ह जास्त हुशार. सोनेरी वर्तुळ म्हणजे पदक, आतली पांढरी मोकळी जागा म्हणजे ज्योत, आणि तिच्यात ओठ काढले की झाली मारियान, फ्रेंच प्रजासत्ताकाची प्रतीक-स्त्री. अक्षरांचं वळण आर्ट डेको, म्हणजे १९२०च्या दशकातल्या सजावटी शैलीचं, १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकची आठवण म्हणून. तरी बॉबकट बघून अनेकांना सलूनची पाटीच आठवली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही!

शुभंकर म्हणजे फ्रिजियन टोपी, क्रांतिकारकांची. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाच्या १८३०च्या चित्रात स्वातंत्र्यदेवीच्या डोक्यावर आहे तीच. २०२२मध्ये तिला हातपाय फुटले. फ्रान्सबाहेर मात्र ती सांगितल्याशिवाय कळत नाही.

वापर: बोधचिन्ह एका रंगात, तिकिटाएवढंही छापता येतं. टोपी नाचते, पळते, मऊ खेळणं होते.

पॅरालिंपिक: बोधचिन्ह दोन्ही स्पर्धांना एकच, हे पहिल्यांदाच घडलं. शुभंकर मात्र दोन. पॅरालिंपिकच्या टोपीला एका पायाच्या जागी धावपटूंचं ब्लेड, म्हणजे कृत्रिम पाय आहे, लपवलेलं नाही. मला हे जास्त भावलं.

लोगो, मोकळ्या जागेचा वापर, अक्षररचना शिकायची असेल तर मारियान घे. पात्र घडवणं, ॲनिमेशन किंवा मुलांसाठी काम करायचं असेल तर टोपी.