डॅझोमेट दाणे: ढबू मिरचीच्या पॉलिहाऊसमधला अनुभव (५ पैकी साडेतीन)

मावळात आमचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. ढबूचं सलग तिसरं पीक घेतलं आणि झाडं भर दुपारी माना टाकायला लागली, एक उपटून बघितलं तर मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी, म्हणजे निमॅटोड (मुळात शिरणारे बारीक कृमी), वर मर रोग (बुरशीने झाड वाळतं तो) पण होताच. आधी फॉर्मॅलिन मारायचो, त्यानं डोळ्यातून धारा लागायच्या, बाकी फरक शून्य. म्हणून यावेळी डॅझोमेट, म्हणजे लागवडीआधी माती निर्जंतुक करायचे दाणे.

हे टाकलं आणि विसरलो असं औषध नाही. ओल्या मातीत गेल्यावर त्याचा गॅस होतो आणि तो गॅसच काम करतो, त्यामुळे कोरड्यात टाकलं तर पैसे पाण्यात. आठवडाभर आधी बेड भिजवून ठेवले, शेणखतही तेव्हाच मिसळलं (नंतर घातलं तर त्यातून रोग परत आत येतो). चौरस मीटरला ४० ग्रॅम, फक्त बेडच धरले तर ६०० चौरस मीटरला २४ किलो. वीतभर खोल रोटर मारला, पाणी दिलं, वरून प्लास्टिक, कडा मातीने दाबल्या. हातमोजे आणि गॅसचा मास्क पाहिजेच, नुसता रुमाल बांधून चालत नाही. वास कसा, तर मोहरी फेसल्यासारखा, नाकात झिणझिण्या.

आता गडबड कुठे झाली ते सांगतो. दुकानदार म्हणाला आठ दिवसांनी प्लास्टिक काढा नि दुसऱ्या दिवशी रोपं लावा. पण जानेवारीची थंडी, मातीतला गॅस हळू निघतो हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही पाकिटावरचं नीट वाचलं नाही. अण्णांना घाई, एका बेडवर २०० रोपं लावली, चार दिवसात कडा करपून सगळी आडवी.

मग एका ओळखीच्या शेतकऱ्याने अळिवाची टेस्ट शिकवली, मातीत गॅस उरला असेल तर अळीव उगवत नाहीत. एका बरणीत बेडच्या खालची माती, दुसरीत बाहेरची, दोन्हीत ओल्या कापसावर अळीव टाकायचे आणि झाकण घट्ट लावायचं. घरात लाडवासाठी आणलेले अळीव होते तेच घेतले तर आई म्हणते, अरे बाळंतिणीचं खाणं बाटलीत काय कोंबताय! तिसऱ्या दिवशी बाहेरच्या मातीवर हिरवंगार, आमच्या बरणीत एक कोंब नाही. परत हलका रोटर मारला (पहिल्यापेक्षा खोल नाही, नाहीतर खालची गॅस न लागलेली माती वर येते), आठवडा थांबलो, मग दोन्हीकडे सारखे उगवले आणि तेव्हाच लागवड केली, सोबत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी चांगली बुरशी) दिला कारण गॅस चांगली बुरशी पण मारतो.

मर जवळपास नाही, घोळ-माठाचं खुरपण वाचलं. निमॅटोड मात्र आठव्या महिन्यात खालच्या मुळांवर थोडे दिसलेच, तिथवर गॅस पोचत नाही. आणि लव्हाळा? तो प्लास्टिक काढल्यावर पंधरा दिवसात हजर, अण्णा रोज सकाळी चहा पिऊन उपटत बसतात.