वर्षअखेरची यादी झाली. आता अल्बम घ्यायचा कशात?

डिसेंबर आला की मित्रमंडळींत ‘यंदाचे दहा अल्बम’ सुरू होतं. यादी करायला पैसे पडत नाहीत. त्यातले दोन-चार कायमचे जवळ ठेवायचे म्हटलं की मात्र घोळ: एलपी म्हणजे मोठी काळी रेकॉर्ड, सीडी, विकत घेतलेली फाइल, की फोनवर चाललंय तेच चालू द्यायचं? माझं मत आधीच सांगतो. मुंबईतल्या वन-बीएचकेत राहणाऱ्याने सीडी किंवा फाइल घ्यावी. एलपी घ्यायची ती एखाद-दुसरीच, आणि तीही जो अल्बम तुम्ही गाणी न गाळता ऐकता त्याचीच.

कारण एलपी गाणं सहज गाळू देत नाही. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या १२ इंची रेकॉर्डवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच नीट बसतात. मग उठायचं, उलटायची. रागसंगीताला हे माप छान मानवलं: गायिका किशोरी आमोणकरांच्या एलपीवर एका बाजूला भूप राग, दुसऱ्या बाजूला बागेश्री. मधला तो उठण्याचा वेळसुद्धा बरा वाटतो. पण आजचे तासाभराचे अल्बम दोन रेकॉर्डवर पसरतात आणि दर तीन-चार गाण्यांनी उठबस होते. शिवाय सुई मध्याकडे जाते तशी एका फेऱ्यातली खोबणीची लांबी घटते, त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटके येऊ शकतात. ‘एलपीचा आवाज म्हणजे एलपीचाच’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. नव्या एलपी बऱ्याचदा डिजिटल मास्टरवरूनच, म्हणजे संगणकातल्या मूळ ध्वनिमुद्रणावरूनच काढलेल्या असतात, ते वेगळंच.

जुनीच हवी असेल तर चोरबाजारातली मटण स्ट्रीट आहे. तिथे कव्हरवर भाळू नका. रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरपी धरा. मधल्या भोकाभोवती बारीक चंदेरी रेघांचं जाळं दिसलं तर ती भरपूर वाजलेली आहे, कारण भोकात प्लेअरची मधली दांडी बसवताना प्रत्येक वेळी मधलं कागदी लेबल घासतं. पांढरे ठिपके बुरशीचे असतात. आपल्या पावसाळ्यात ते येणारच, आणि बहुतेक वेळा धुऊन जातात. नखाला लागणारा ओरखडा मात्र जात नाही. घासाघीस करायची ती तेवढ्यावर.

फोनवरच्या ॲपचं थोडक्यात: नवं चाखायला त्याच्यासारखं काही नाही, सांभाळायला बेभरवशाचं. रेकॉर्ड कंपनीशी करार संपला की अल्बम यादीतून निघून जातो, ‘डाउनलोड’ केलेलाही. आणि लॉसलेसचे, म्हणजे काही न गाळलेल्या आवाजाचे, जादा पैसे भरून विरार लोकलमध्ये ब्लूटूथवर ऐकत असाल तर ते पैसे वाया. साधा ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबूनच पाठवतो, वरून गाडीचा खडखडाट.

सीडीला सध्या कुणी विचारत नाही, म्हणूनच ती घेण्यात मजा आहे. १९८२ साली बाजारात आली तेव्हा ठरलेलं माप, सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने आणि एकूण ७४ मिनिटं, आजही घरच्या स्पीकरला पुरून उरतं. लांबलचक बडा ख्याल मध्ये न तुटता ऐकता येतो. अडचण दुकानांची. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. आता ऑनलाइन शोधा किंवा रद्दीच्या दुकानातला ढीग उपसा. जुनी सीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा, चंदेरी थरातून उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर घेऊ नका, परत ढिगात ठेवा. लॅपटॉपला खाच नसली तर यूएसबी ड्राइव्ह लावा आणि फ्लॅक फाइल काढून घ्या. आवाजात काही गळत नाही, आणि पाऊण तासाचा अल्बम साधारण तीनशे एमबीत बसतो.

यादीत स्वतंत्र कलाकार जास्त असतील तर सीडीच्याही आधी बँडकॅम्प ही कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायची वेबसाइट बघा. डिजिटल विक्रीवर वेबसाइटचा वाटा साधारण १५ टक्के, आणि फाइल एमपीथ्री की फ्लॅक ते तुम्ही ठरवायचं. २०२० पासून ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्पवाले हा वाटाही सोडतात, तेव्हा खरेदी त्या दिवसापर्यंत थांबवायला हरकत नाही. सिनेमाची गाणी तिथे सहसा मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी रद्दीवालाच गाठावा लागेल.