11.6 इंची लॅपटॉप आणि उंचीची चणचण: वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला 11.6 इंची लॅपटॉप जत्रांचा मोसम आला तरी रोज हातात आहे. माझं मुख्य काम जत्रेतल्या नाटकांच्या संहिता टाइप करायचं. फोंड्याच्या आसपास देवळांच्या सभामंडपात तालमी चालतात, तिथे न्यायला हलकं यंत्रच बरं. वजन, बॅटरी, कीबोर्ड, सगळं ठीक. खटकतं ते वेगळंच.

पडदा 1366 बाय 768. ए-फोर पान शंभर टक्क्यांवर ठेवलं तर 794 पिक्सेल रुंद दिसतं, म्हणजे दोन्ही कडांना मिळून 572 पिक्सेल नुसते पडून. उंची मात्र 1123, ती पडद्यात मावतच नाही. तरी टायटल बार, मेन्यू, टूलबारच्या दोन ओळी, रूलर, स्टेटस बार हा सगळा पसारा वर-खालीच मांडलेला! 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 ने तर टास्कबार कडेला नेण्याची सोयच काढली. तो 48 पिक्सेलचा, म्हणजे या पडद्याचा सोळावा हिस्सा. त्यात आपली देवनागरी. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, ओळीला उंची जास्तच लागते. दोन पात्रांची खडाजंगी टाइप करताना समोरच्याचं वाक्य वर निघून जातं आणि संवादाची लय तुटते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे साधं दुखणं नव्हे.

शेवटी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. पॅनेल, म्हणजे तिथला टास्कबार, 'डेस्कबार' करून डावीकडे उभं केलं. 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' या सेटिंगमध्ये मॅक्सिमाइज केलेल्या विंडोचा टायटल बार लपवायचा पर्याय आहे, तो चालू केला. टायपिंगचा प्रोग्रॅम लिब्रेऑफिस, त्याच्या व्ह्यू मेन्यूत 'युजर इंटरफेस'मध्ये 'सिंगल टूलबार' निवडला, कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून रूलर घालवला. नाटकाला रूलर हवा कशाला? फायरफॉक्स ब्राउझरमध्येही 2025 पासून टॅब कडेला उभे लावता येतात. आता एका नजरेत सवाल-जवाब दोन्ही दिसतात.

एक अडचण उरलीच. हिशेबाच्या एका प्रोग्रॅमची सेटिंगची विंडो इतकी उंच, की 'ओके'चं बटण पडद्याखाली जातं. ऑल्ट दाबून माउसने विंडो वर ओढावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने काय करावं? प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी 768 च्या पडद्यावर एकदा तरी तो उघडून बघावा, एवढीच कळकळीची विनंती.

नवा छोटा लॅपटॉप घेणार असाल आणि 16:10 चा, म्हणजे रुंदीच्या मानाने जास्त उंच, पडदा मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून तोच घ्या.