'ऑल वेदर' स्प्रे प्रायमर आणि डोंबिवलीतला श्रावण

ग्रे प्रायमरचा, म्हणजे रंगाच्या आधी मारायच्या थराचा, हा ४०० मिलीचा कॅन मी मार्चमध्ये एका ऑटो पेंटवाल्याकडून घेतला, साडेतीनशेला पडला. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण एप्रिल-मेमध्ये ह्याच कॅनने खरंच मस्त काम केलं. २८ मिमीच्या वीसेक प्लॅस्टिकच्या सैनिकांच्या मॉडेलवर मारला, पातळ थर बसला, चिलखताची कडी न कडी दिसत होती आणि पंधरा मिनिटांत हाताला लागत नव्हतं. मी खूश होऊन लगेच दुसरा कॅन पण आणून ठेवला. डब्यावर ठळक अक्षरात 'ऑल वेदर' लिहिलंय, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

ऑगस्टमध्ये आठ घोडेस्वार तयार झाले. रविवार सकाळ, पाऊस थांबलेला, गॅलरीत जरा ऊन पण आलं होतं, म्हटलं हीच वेळ. आणि मी स्वतःला लय हुशार समजून ते घोडे आदल्या रात्रीपासून एसीच्या खोलीत ठेवलेले, की तिथली हवा कोरडी असते. सकाळी पट्टीवर डबल टेपने चिकटवलेले आठही घेऊन गॅलरीत आलो तर दारातच माझा चष्मा धुरकट झाला. तिथेच कळायला पाहिजे होतं. मी काय केलं, चष्मा बनियनला पुसला आणि स्प्रे मारला!

पहिली दोन मिनिटं छान ओली चमक. दहा मिनिटांनी बघतो तर घोड्यांच्या मानेवर तांदळाची पिठी भुरभुरवल्यासारखं झालेलं, नख फिरवलं तर पॉलिश पेपरसारखी खरखर, आणि स्वारांची तोंडं तर गायबच.

आता कारण. बाहेर २८ डिग्री आणि ह्युमिडिटी ८५ टक्के असेल तर साधारण २५ डिग्रीला दव धरतं. माझे घोडे एसीतून २४ वर आलेले, म्हणजे स्प्रे मारायच्या आधीच चष्म्यावर होतं तेच त्यांच्यावर पण होतं, फक्त ग्रे प्लॅस्टिकवर दिसलं नाही. त्यात प्रायमरमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग अजून गार करतं, म्हणजे एसीत न ठेवता नुसते गॅलरीत ठेवले असते तरी एवढ्या दमट हवेत रिस्क होतीच. शिवाय मी लांबून मारला, जवळजवळ हातभर, त्यामुळे थोडे थेंब वाटेतच सुकून पावडर होऊन बसले असणार. वीस-पंचवीस सेंटीमीटर बास.

थंडीची तऱ्हा वेगळी. माझा मावसभाऊ निफाडला असतो, तिथे जानेवारीच्या सकाळी काय गारठा असतो माहितीये ना, त्याने असाच कॅन गच्चीवर वापरला तर फवारा येण्याऐवजी कॅन चक्क थुंकायला लागला, मोठे मोठे थेंब. आतला गॅस गार झाला की प्रेशर पडतं. त्याने मग कोमट पाण्याच्या बादलीत कॅन दहा मिनिटं ठेवला, दोन मिनिटं आतली गोळी खुळखुळेपर्यंत हलवला आणि ऊन चढल्यावर मारला, तेव्हा जमलं. कोमट म्हणजे हात घालता येईल असं पाणी, गॅसवर वगैरे ठेवायचा शहाणपणा कोणी करू नका, फुटेल.

परत माझ्या घोड्यांवर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासले, बरंचसं निघालं पण सगळं नाही. हार्डवेअरवाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर देत होता, तो चुकूनही घेऊ नका, प्रायमरच्या आधी घोडाच विरघळेल.

त्यानंतर पावसाळ्यासाठी वायेहो (Vallejo) कंपनीचा सर्फेस प्रायमर घेतला, पाण्यावरचा, ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन. एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारायचं छोटं यंत्र) चालतो पण माझ्याकडे तो नाही, मी साध्या ब्रशने मारतो, दोन पातळ हात. महाग आहे, मिलीच्या हिशेबाने तर डोळे पांढरे होतात. दमट हवेत हा पण सावकाश सुकतो, मी पूर्ण एक दिवस हात लावत नाही. आणि ह्याला पॉलिश पेपर चालत नाही, घासला की सालीसारखा निघतो. पण पिठी धरत नाही आणि घरात बसून, बायकोची वासावरून बोलणी न खाता मारता येतो, मला तेवढं पुरे.

स्प्रेच वापरायचा असेल तर शंभर-दोनशेचं ह्युमिडिटी मीटर घ्या, मी आता सत्तरच्या वर आकडा असला की कॅनला हात लावत नाही. मीटर नसेल तर स्वयंपाकघरात मिठाची बरणी उघडा, मीठ चमच्याला चिकटत असेल तर त्या दिवशी राहू द्या. आणि मॉडेल हवेपेक्षा गार नको, किंचित गरमच हवं. हेअर ड्रायर लांबून फिरवा, जवळून नको, माझ्या एका स्वाराची तलवार केळ्यासारखी वाकलीये.

कॅनला उन्हाळ्यात चार स्टार, श्रावणात एक, आणि 'ऑल वेदर' लिहिणाऱ्याला शून्य. दुसरा कॅन सीलबंद कपाटात आहे, दिवाळीनंतर काढीन. आठपैकी सहा घोडे सुधारले, दोन तसेच खरखरीत राहिले, पोरगी त्यांना मेंढ्या म्हणते.