ओजे २८७, पीजी १५५३ की पीजी १३०२: कुणाच्या मागे लागायचं?

आठ इंची दुर्बीण, बरा सीमॉस कॅमेरा आणि व्ही फिल्टर (हिरवट-पिवळा प्रकाश तेवढा आत सोडणारा) असेल, तर रूपविकारी ताऱ्यांच्या पुढची पायरी म्हणून सक्रिय दीर्घिकांच्या, म्हणजे केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळत असल्याने तळपणाऱ्या दीर्घिकांच्या, तेजाच्या नोंदी ठेवता येतात. त्यांतही ज्यांच्या पोटात कृष्णविवरांची जोडी असावी असा संशय आहे, त्या जास्त खुणावतात. महाराष्ट्रातून निरीक्षण करणाऱ्यासमोर तीन नावं येतात. माझा कौल आधीच सांगतो: ओजे २८७.

हा ब्लेझार, म्हणजे आपल्या दिशेने झोत फेकणारी सक्रिय दीर्घिका, पुष्य नक्षत्रातल्या एम ४४ गुच्छाच्या पूर्वेला साधारण साडेतीन अंशांवर आहे. अंतर सुमारे साडेतीन अब्ज प्रकाशवर्षं, पण दृश्यप्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं तेज कमी) बहुधा १४ ते १५च्या आसपास. फोटोत तो निव्वळ ठिपका दिसतो, शेजारच्या ताऱ्यांहून काडीचाही वेगळा नाही. जुन्या फोटोप्लेट्सवरच्या त्याच्या नोंदी थेट १८८८पर्यंत मागे जातात. दर १२ वर्षांनी येणाऱ्या जोड-उद्रेकांवरून एक प्रतिमान उभं राहिलं: १८ अब्ज सूर्यांइतकं मोठं कृष्णविवर आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतून आरपार जाणारं १५ कोटी सूर्यांचं धाकटं. ३१ जुलै २०१९चा उद्रेक या गणिताने तासांच्या हिशेबात आधी सांगितला होता. त्यात मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथल्या लंकेश्वर डे आणि ए. गोपकुमार यांचा मोठा वाटा. त्या वेळी ओजे २८७ पृथ्वीवरून सूर्याच्या प्रकाशात बुडालेला होता, म्हणून हा उद्रेक पृथ्वीपासून लांब असलेल्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने टिपला.

मग माशी शिंकली. ऑक्टोबर २०२२मध्ये अपेक्षित असलेला उद्रेक दिसलाच नाही. एका गटाने मोठ्या कृष्णविवराचं वस्तुमान १० कोटी सूर्यांच्या आसपास आणून ठेवलं. प्रतिमानवाल्यांचं म्हणणं, उद्रेक आधीच, दीर्घिका सूर्याआड असताना होऊन गेला. नेमका तेव्हाचा डेटा नाही, म्हणून वाद मिटत नाही. माझ्या मते हौशी निरीक्षकासाठी हीच मोठी संधी आहे. सिद्धांत कुणाचाही टिको, सूर्याआड जाण्याआधीच्या आणि बाहेर आल्यावरच्या नोंदी दोघांनाही लागणारच.

आपल्या पावसाचंही इथे बरं जमतं. ओजे २८७ची सूर्याशी युती ऑगस्टच्या सुरुवातीला होते, म्हणजे आपले ढग बहुतांशी त्याच काळात येतात, जेव्हा तो इतरांनाही दिसत नाही. नोव्हेंबर ते मे मोकळं आकाश मिळतं आणि तो जवळपास डोक्यावरून जातो. एक अडचण मात्र आहे: तो क्रांतिवृत्ताला (आकाशातल्या सूर्याच्या वाटेला) लागून असल्याने चंद्र दर महिन्याला त्याच्या शेजारून जातो. त्या दोन-तीन रात्री सोडूनच द्याव्यात.

पीजी १५५३+११३ हा तुल्यबळ पर्याय. दृश्यप्रत १४च्या आसपास आणि चंद्रापासून कायम लांब. फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरणांच्या नोंदींवरून २०१५मध्ये याच्या तेजाच्या चढउताराचं २.२ वर्षांचं आवर्तन जाहीर झालं. छोटं आवर्तन म्हणजे आपल्या हयातीत बरीच पुरी होतील, हे मोलाचं. पण तो मेअखेरीस मध्यरात्री माथ्याजवळ येतो. संध्याकाळी आरामात मोजायचे जून ते सप्टेंबर पावसात जातात आणि दरवर्षी आलेखाला तिथेच भोक पडतं. सह्याद्रीच्या पूर्वेला, कमी पावसाच्या पट्ट्यात राहत असाल, तर हाच घ्या.

पीजी १३०२-१०२ हा क्वेसार (अतितेजस्वी सक्रिय दीर्घिका) चित्रा ताऱ्याच्या पश्चिमेला पाच अंशांवर. २०१५मध्ये गाजला: ५.२ वर्षांचं सुबक आवर्तन. पण ज्या सर्वेक्षणातून ते सापडलं त्याचा डेटा जेमतेम नऊ वर्षांचा, म्हणजे दोन आवर्तनंही पुरी नाहीत. क्वेसार एरवीही आपल्या मर्जीने उजळतात-मंदावतात, आणि लाखो क्वेसार चाळले की काही आलेख योगायोगानेच लाटेसारखे दिसतात. पुढच्या डेटाने या आवर्तनाची बाजू आणखी लंगडी केली. शिवाय चढउतार सरासरीच्या वर-खाली ०.१४ प्रतीचा, तोही वर्षानुवर्षांत पसरलेला. शहरी आकाशातून आठ इंचीने तो पकडताना कॅमेऱ्याचीच चूक मोजण्याची भीती जास्त. हा मोठ्या सर्वेक्षणांनाच सोडा.

ओजे २८७ एका आठवड्यातही लक्षणीय बदलू शकतो, त्यामुळे जमेल त्या प्रत्येक रात्री एक नोंद घ्यावी. तुलना तारे (ज्यांच्या स्थिर तेजाशी ताडून मोजायचं ते शेजारचे तारे) पहिल्याच रात्री ठरवा आणि ऋतू संपेपर्यंत तेच ठेवा. मध्येच बदललेत तर आलेखात एक पायरी दिसेल, आणि ती उद्रेकाची नसेल.