फ्रॉस्टने मारलेली झाडं: लगेच छाटायची की थांबायचं?

पालवी फुटली, थंडी गेली म्हणून आपण निर्धास्त होतो आणि नेमकी एक रात्र फ्रॉस्टची, म्हणजे दंव गोठवणाऱ्या थंडीची, अशी येते की आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि सकाळी कोवळी पानं हात लावला तर काचेसारखी कडक. दुपारपर्यंत ती उकडल्यासारखी लोंबतात आणि दोन दिवसांत काळी. मग हात आपोआप कात्रीकडे जातो. माझाही गेला होता. लगेच छाटणं आणि थांबणं, मी दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहितोय.

आधी लगेच छाटायच्या बाजूचं सांगतो. टोमॅटो, मिरची, बेसिल अशा मऊ खोडाच्या रोपांचं खोड जमिनीपर्यंत काळं आणि लिबलिबीत झालं असेल तर वाट बघण्यात काही अर्थ नाही, काढा आणि नवीन लावा. टोमॅटो खाली हिरवा राहिला असेल तर पानाच्या बेचक्यातून परत फुटतो, पण मागे पडतो. डेलियाचं वरचं सगळं गेलं तरी काळजी नको, कंद शाबूत असेल तर खालून येतो. सडायला लागलेला भाग ठेवू नये, हे मलाही पटतं.

पण लाकडी काडीची झाडं आली की माझं मत बदलतं.

माझ्याकडे एकाच वाफ्यात दोन हायड्रेंजिया आहेत, फुलांच्या मोठ्या गोल गुच्छांचे, म्हणजे जुन्या, गेल्या वर्षीच्या काडीवर फुलणारे. फ्रॉस्टनंतर तिसऱ्याच दिवशी मी पहिलं झाड छाटलं, काळं दिसेल तिथून खाली. आठवड्याने बघतो तर कापलेल्या जागेच्या खाली काडी परत तपकिरी. परत छाटलं. परत तेच. तीन वेळा कापलं आणि दरवेळी फुलाचे डोळे, म्हणजे काडीवरचे न फुटलेले अंकुर, माझ्याच हाताने गेले, आणि खरं सांगायचं तर माझा निर्णय या एका त्रासाने झाला, कुठवर मेलंय हेच पहिल्या दिवसांत कळत नाही. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ होतो, तो पेशींमधलं पाणी ओढून घेतो, आणि पान लगेच काळं पडलं तरी सालीखालचं नुकसान वर दिसायला बरेच दिवस लागतात. त्यात छाटणीमुळे झाड जोरात फुटलं, आणि पुढच्या थंड रात्री ते लुसलुशीत कोंब पहिले गेले.

दुसरं झाड वेळ मिळाला नाही म्हणून तसंच राहिलं होतं. दिसायला फार वाईट, काळी पानं चिंध्यांसारखी लटकलेली, येताजाता नजर तिथेच जायची. पण त्याच पानांच्या आडोशाला खालचे कोंब त्या दुसऱ्या फ्रॉस्टमधून वाचले. महिनाभराने जिथे हिरव्या डोळ्यांची जोडी दिसली त्याच्या जरा वर कापलं. त्या वर्षी त्याला सात गुच्छ आले, पहिल्याला एकही नाही. आता दोन झाडांवरून मी नियम काढत नाही, दुसरं भिंतीच्या थोडं जवळ आहे, तेही कारण असू शकेल. तरीपण तेव्हापासून मी थांबतो.

फळझाडांना तसंही लगेच कापण्यासारखं काही नसतं. सफरचंदाला पूर्ण बहरात उणे २ अंशाच्या आसपास साधारण १० टक्के फुलं जातात आणि उणे ४ ला ९० टक्के, दोन अंशांत एवढा फरक. फूल उघडून मध्यभाग काळा दिसला तर ते गेलं. द्राक्षवेलीच्या एका डोळ्यात मुख्य कोंबाखेरीज राखीव कोंब असतात, मुख्य गेला तर दुसरा फुटतो, फळ कमी देतो पण वेल सावरते, त्यामुळे तिथे घाई मुळीच नको.

थांबायचं म्हणजे नुसतं बघत बसायचं असं नाही. पाणी द्या, पण बोट घालून माती बघून, कारण पानं कमी झाल्यावर झाड पाणीही कमी पितं. नत्राचं खत मात्र नको, त्याने परत तेच कोवळे कोंब निघतात. आणि हवामानाच्या अंदाजात ३ अंश आहे म्हणून निवांत झोपू नका, तो आकडा जमिनीपासून दीडेक मीटर उंचीवरच्या हवेचा असतो, शांत रात्री खाली त्याहून गार होतं. अशा रात्री झाडावर कापड जमिनीपर्यंत टेकेल असं टाकायचं, म्हणजे मातीची ऊब आत राहते, आणि सकाळी काढायचं.

महिना झाला तरी एखादी काडी काहीच दाखवत नाही. तिची साल नखाने हलकी खरवडायची. आत कोरडं, तपकिरी लागलं तर दोन बोटं खाली परत खरवडायचं, ओलसर हिरवं लागेपर्यंत. मी तिथे एक दोरा बांधून ठेवतो आणि कात्री लावतो ती आणखी आठ दिवसांनी, कारण दोनदा तरी तो दोरा मला अजून खाली सरकवावा लागलाय.